सव्वा किलो साखर

ताई, साखर एक किलो नव्हती. सव्वा किलो होती.

हे वाक्य तीन वर्षं माझ्या जिभेवर बसून होतं. तुमच्या अंबरनाथच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून भाजी निवडताना कितीदा ते दातांपर्यंत आलं आणि मी त्याच्याऐवजी ‘मेथी जून निघाली हो’ असलं काहीतरी बोलले. आता तुम्हाला जाऊन अडीच महिने झाले. आता मी बोलले तरी तुम्ही ‘शोभे, पुटपुटू नकोस, नीट सांग’ म्हणणार नाही, आणि मला त्याचाच राग येतोय. तुमच्यावर नाही. खरं सांगायचं तर थोडा तुमच्यावरही. दोन दिवसांत कोणी जातं का असं?

जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आपलंही कुठं पटायचं? तुम्ही एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये तीस वर्षं काढलेल्या, ऑफिसर म्हणून रिटायर झालेल्या. मी बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातली, लग्न होऊन बदलापुरातल्या कात्रपला आले आणि ब्लाउज शिवत बसले. तुम्ही मोजून जगणाऱ्या, मी अंदाजपंचे. ब्लाउज शिवताना शिलाईच्या आत अर्धा इंच कापड राखायचं असतं, उद्या बाईचं अंग भरलं तर उसवून सोडता येतं. ही सवय माझ्या हातात इतकी मुरली की मी ती सगळीकडे वापरली. भातात एक मूठ जास्त, आमटीत एक पळी जास्त, निघायला पंधरा मिनिटं आधी. तुम्ही म्हणायचात, ‘शोभा, तुझं सगळं आयुष्य मार्जिनमध्ये चाललंय.’

त्यात माझी आई. तिचं सगळं सव्वाचं. सव्वा वाटी रवा, सव्वा शेर तांदूळ. नुसतं एक म्हणजे तिला उघडंबोडकं वाटायचं. ‘येक कधी देऊ नये गो, वर पाव घालावा, म्हंजे देवाला कळतं आपला हात आखडता नाय.’ लग्नात पाठवणी करताना तिने मला सोन्यापेक्षा हे जास्त दिलं.

सायडर हा शब्द घरात तुम्ही आणलात. रिटायर झाल्यावर भाऊजींबरोबर हिमाचलला गेलात, तिथे एका बागवाल्याच्या घरी सफरचंदाचा आंबवलेला, फसफसणारा रस प्यायलात आणि आल्या आल्या पिशवीही खाली न ठेवता मला म्हणालात, ‘सफरचंदाचं जमतं तर जांभळाचं का नाही? तुमच्या बदलापुरात जांभूळ पायाखाली तुडवलं जातं.’

‘म्हणजे दारू,’ मी म्हणाले.

‘आणि इडली काय गं? तुझं पीठ आंबतं तेव्हा पोलिसांना बोलावतेस?’

‘इडली खाऊन कोणी डुलत नाही.’

‘यानेही नाही डुलणार. एका पेल्यात काय डुलशील तू? आणि डुललीस तर बसून डुल.’

पहिल्या वर्षी मी नाक मुरडूनच बिया काढल्या. बोटं आठवडाभर जांभळी, गिऱ्हाइकांचे पांढरे कपडे हातात घ्यायची सोय नाही. पण त्या आषाढातली दीप अमावस्या मी विसरणार नाही. बाहेर पुरुषांची गटारी चाललेली, आत आपण दोघींनी दिवे घासले, पुसले, पाटावर मांडून ओवाळले. मग तुम्ही फ्रीजमधून बाटली काढलीत, टॉवेलात गुंडाळलीत, मोरीवर धरून बूच उघडलंत. फुस्स झालं. स्टीलच्या दोन छोट्या पेल्यांत गुलाबी फेस वर आला. मी देवाकडे पाठ करून प्यायले. दुसरा पेला देवाकडे तोंड करून.

‘काय?’ तुम्ही विचारलंत.

‘चांगली असते हो,’ मी म्हणाले, आणि तुम्ही इतक्या हसलात की हे दोघं भाऊ बाहेरून बघायला आले.

ती फसफस बाटलीत येते कशी हे तुम्ही मला एकदा नीट सांगितलंत आणि मग दरवर्षी परीक्षा घेतलीत. मी आताही म्हणून दाखवू शकते. बरणीत रस आंबतो तेव्हा यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. तो नळीतून पाण्यात बुडबुडे काढत निघून जातो. साखर संपली की बुडबुडे थांबतात. मग बाटल्या भरताना पुन्हा थोडीशी साखर द्यायची, लिटरला सहा ग्रॅम, काट्यावर मोजून, पाण्यात उकळून, निववून, सगळ्या रसात एकत्र मिसळून. प्रत्येक बाटलीत चमच्याने टाकायची नाही, चमचा कधी शिगोशीग भरतो, कधी सपाट. बूच ठोकल्यावर वायूला बाहेर वाट नसते म्हणून तो रसात मुरतो. ‘सगळं शहाणपण या थोडीशीत आहे,’ तुम्ही म्हणायचात. ‘कमी पडली तर सपक, जास्त झाली तर बॉम्ब.’

आणि म्हणून भरायच्या आधी रसातली जुनी साखर पुरती संपली की नाही, हे पाहायचं. त्यासाठी तुमची ती काचेची तरंगती नळी, हायड्रोमीटर. मी तिला डुंबऱ्या म्हणायचे. रसात साखर असली की डुंबऱ्या वर राहायचा, संपत आली की खाली बुडायचा. रसाच्या रेषेवरचा आकडा लिहायचा. दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. आकडा तोच असेल तरच भरायचं. एकदा बघून नाही. दोनदा. हे वाक्य तुम्ही मला टाचणीने टोचल्यासारखं ऐकवायचात.

मी तेव्हाही ‘वर थोडी साखर घालूया का’ विचारलं होतं. तुम्ही हात जोडलेत. ‘बाई गं, सत्यनारायणाला सव्वा, सायडरला मोजून.’

बाटल्या आपण उल्हासनगरला जाऊन आणायचो, त्या काचवाल्या सेठकडे. तुम्ही एकेक बाटली उजेडात धरून, तोंडावरून बोट फिरवून, टवका उडालाय का बघायचात. सेठला पहिल्यांदा वाटलं तुम्ही सरकारी इन्स्पेक्टर आहात. मग कळल्यावर तो स्वतःच निवडून द्यायला लागला. मला एक सुंदर चौकोनी सरबताची बाटली आवडली होती, तर त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली. ‘ये नको भाभी, ये शोपीस आहे. चौकोनी को कोना असतो, वो कोने से ही फुटते. सोडावाली घ्या, गोल, वजनदार.’ तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत जसं माझ्याकडे कधी पाहिलं नाहीत.

आपला न मिटलेला वाद प्लॅस्टिकचा. मला काचेची भीती. मी म्हणायचे, वीस बाटल्यांत एक तरी सोड्याची प्लॅस्टिकची भरूया. आत काय चाललंय ते दाबून कळेल. तुम्हाला ते गावठी वाटायचं. ‘प्लॅस्टिकला वास लागतो. आणि दाबून काय कळतं? आंबा आहे का तो? आकड्यावर विश्वास ठेव.’ मी म्हणायचे, आकडा काय, लिहिणाऱ्याच्या हातात. बोलता बोलता बोलून गेले होते. ते वाक्य नंतर मलाच चावलं.

तीन वर्षांमागचं ते वर्ष तुमच्या डोळ्याचं. जूनमध्येच मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि जांभळं काही डॉक्टरला विचारून पिकत नाहीत. म्हणून ठरलं की रस माझ्याकडे कात्रपला घालायचा आणि तुम्ही अंबरनाथहून फोनवर सांगायचं. ऑपरेशनच्या सकाळीच मी बरणी भरली. दहा लिटर रसाला एक किलो साखर, तुमच्या वहीत लिहिलेलं. मी किलोची पिशवी फोडली, ओतली. आणि ताई, मला तुमचा डोळा दिसायला लागला. तुमच्या डोळ्याशी कोणीतरी सुरी घेऊन बसलंय आणि मी इथे नुसतं एक घालतेय. उघडंबोडकं. मी डब्यातून आणखी पाव किलो मोजून घेतली, हो, मोजून, आणि ‘ताईंच्या डोळ्याला सुखरूप ठेव’ म्हणून रसात सोडली.

संध्याकाळी तुम्ही डोळ्यावर पट्टी घेऊन फोन केलात. पहिला प्रश्न डोळ्याचा नाहीच.

‘साखर किती घातलीस?’

‘एक किलो,’ मी म्हणाले.

का म्हणाले? बोलणी खायची नव्हती. तुम्ही आजारी, उगाच चिडचिड नको, असंही मनाला सांगितलं. खोटं बोलायला कारणं मागावी लागत नाहीत, ती आपली आपण रांगेत उभी राहतात. तुम्ही तिकडे हिशेब केलात. एक किलो, एवढा रस, एवढी उष्णता, म्हणजे अठरा दिवसांत साखर संपली पाहिजे.

एकोणिसाव्या दिवशी तुम्ही काळा चष्मा लावून आलात. अमावस्या तोंडावर आली होती. डुंबऱ्या सोडला. तुम्हाला बारीक आकडे अजून धूसर दिसत होते, म्हणून मी वाचला. गेल्या वर्षीपेक्षा वर होता. तुम्ही क्षणभर थांबलात. ‘जांभूळ यंदा गोड असेल,’ म्हणालात. ‘दिवस तर भरलेत.’ आणि दुसऱ्यांदा बघायचं सोडून बाटल्या भरायला घेतल्यात. मी बाजूला उभी होते. मला माहीत होतं आकडा वर का आहे. किती धोक्याचं आहे ते माहीत नव्हतं, हे खरं. पण का आहे ते माहीत होतं. मी तुम्हाला बुचं देत राहिले.

उरलेली साखर बाटलीत गेली, वरून तुम्ही मोजून दिलेली साठ ग्रॅम गेली. बाटल्या ह्यांनी स्कूटरवरून दोन खेपांत अंबरनाथला तुमच्याकडे पोचवल्या. पाचव्या दिवशी दुपारी, गाळ किती बसलाय ते पाहायला तुम्ही एक बाटली खिडकीच्या उजेडात धरलीत. ती तुमच्या हातात फुटली.

भाऊजी सांगतात, आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. उजव्या हाताच्या अंगठ्याची शीर तुटली. नशीब की डोळ्यावर तो काळा चष्मा होता, त्यावर काचेचे ओरखडे होते. भाऊजींनी तशात बाकीच्या बाटल्यांवर गोधडी टाकली, तुम्हीच ओरडून सांगितलंत म्हणून, आणि तिच्याखाली आणखी दोन फुटल्या. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तुम्ही टाक्यांचा हात उंच धरून बसला होतात. भिंतीसारखा पांढरा चेहरा. आणि मी काय बोलले?

‘बघा. मी म्हणत होते ना, प्लॅस्टिकची घेऊया.’

ताई, तुम्ही मान हलवलीत. ‘तुझं बरोबर होतं,’ म्हणालात. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला बरोबर म्हणालात आणि ते असं.

अंगठा शेवटपर्यंत पुरता वाकला नाही. पण मला अंगठ्याचं एवढं वाटत नाही. तुम्ही डाव्या हाताने चहा गाळायला शिकलात, साडीच्या निऱ्यासुद्धा काढायला लागलात, तेवढ्या तुम्ही हट्टी होतात. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तुम्ही त्यानंतर गॅसचं बटण तीनदा तपासायला लागलात. कारखान्यातली पोरं अजूनही काही अडलं की तुम्हाला फोन करायची, तुम्ही त्यांना ‘मोठ्या साहेबांना विचारा’ म्हणून टाळायला लागलात. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत क्लोरीन किती घालायचं हे दरवर्षी तुम्ही सांगायचात, तेही सोडलंत. एकदा मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बसला होतात, सकाळची घेतली की नाही आठवत नव्हतं. कोणालाही होतं असं. पण तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, ‘माझं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही गं. नाहीतर मी दोनदा न बघता भरलं असतं का?’

तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. तुमचं डोकं जागेवर होतं, तुम्हाला साखरेचा आकडाच खोटा दिला होता. मी पट्टीवरच्या रिकाम्या जागा मोजल्या आणि म्हणाले, ‘घेतलीय हो सकाळची.’ बस्स. त्या दिवसापासून तुम्ही गोळी घेतली की मला फोन करून सांगायचात, आठवण राहावी म्हणून. रोज सकाळी. दोन वर्षं. आणि मी रोज ‘बरं’ म्हणायचे.

तुम्ही गेल्यानंतर तेराव्याची आवराआवर करताना भाऊजींनी कपाटातली तुमची वही माझ्याकडे दिली. ‘तुमच्या त्या सायडरची आहे, तू ठेव.’ मी घरी येऊन ती उघडली. त्या वर्षाचं पान. उजव्या हाताने लिहिलेलं सगळं सरळ, रेषेत. त्याच्याखाली, नंतर कधीतरी, डाव्या हाताने, शाळेतल्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात: ‘चूक माझी. आकडा दोनदा घेतला नाही. शोभाने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं.’

मी ते पान कितीदा वाचलं सांगत नाही. रडले. मग मला स्वतःची चीड आली. म्हटलं, शोभे, रडून काय होणार, रडायला तुझं काय गेलंय? त्या बाईने स्वतःच्या नावावर चूक लिहून ठेवलीय आणि तुझ्या नावावर शाबासकी. हे असं राहता कामा नये.

नुसतं सांगून टाकलं तरी चाललं असतं. पण मला ते पुरेसं वाटेना. तुम्ही लॅबवाल्या. नुसत्या बोलण्यावर तुम्ही कधी विश्वास ठेवलात? मी ठरवलं, यंदा रस घालायचा. दहा लिटरला एक किलो, कणभर जास्त नाही. तुमचा हिशेब म्हणतो अठरा दिवस. अठराव्या दिवशी आकडा थांबला, तर हिशेब खरा आणि चूक कुणाची ते उघड. मग सांगायचं. हातात पुरावा घेऊन.

हे चिडले. ‘वहिनीला जाऊन दोन महिने नाहीत. वर्षभर घरात सण करायचा नाही आणि तुझं हे काय? त्याच बाटलीने तिचा हात गेला.’

‘सण नाही करत,’ मी म्हणाले. ‘काम करतेय. आणि हात बाटलीने नाही गेला.’

‘मग कशाने गेला?’

‘वीस दिवसांनी सांगते.’

उल्हासनगरला एकटी गेले. सेठने विचारलं, ‘वो मॅडम कुठे?’ सांगितलं. तो उठून उभा राहिला. मग आत गेला आणि स्वतः उजेडात धरून धरून एकोणीस बाटल्या निवडल्या. ‘चेक करके घ्या,’ म्हणाला, ‘वो चेक केल्याशिवाय नेत नव्हत्या.’ मी प्रत्येकीच्या तोंडावरून बोट फिरवलं. दोन परत केल्या. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

मग साखर मोजायला बसले. काट्यावर बरोबर एक हजार. पिशवीच्या कोपऱ्यात चिमूटभर अडकली होती ती झटकली तर काटा तीनने पुढे गेला, मी चमच्याने तीन काढली. आई असती तर म्हणाली असती, येवढी कसली गो चिक्कू झालीस. डब्यात अर्धा किलो साखर समोर होती. मी डब्याचं झाकण लावलं आणि डबा बाहेरच्या खोलीत ठेवून आले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तुमच्यासाठी देवाकडे काही मागायची सोयच उरली नव्हती, तरी हात सव्वाकडे जात होता.

अठराव्या दिवशी डुंबऱ्या सोडला. आकडा लिहिला. आकडा खालीच होता, तुमच्या चांगल्या वर्षांसारखा. एकोणिसाव्या दिवशी हात शिवशिवत होते, पण बरणीला हात लावला नाही. मशीनवर बसून एका बाईचं अख्खं ब्लाउज उलट शिवलं, पाठ पुढे. विसाव्या दिवशी पुन्हा सोडला. तोच आकडा. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. ह्यांना हाक मारून त्यांच्याकडून वाचून घेतला. तोच.

तुमचा हिशेब बरोबर होता, ताई. दिवसागणिक बरोबर होता.

साठ ग्रॅम मोजली, उकळली, निववली, रसात सावकाश ढवळली. बाटल्या भरताना वर दोन बोटं रिकामी ठेवली. तुम्ही म्हणायचात ना, ‘इथे ठेव तुझं मार्जिन.’ सतरा काचेच्या भरल्या आणि एक प्लॅस्टिकची. हो, भरलीच. वादात मी माझी बाजू सोडलेली नाही. क्रेट कोपऱ्यात ठेवला, वर जुनी गोधडी, आणि आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांवर वहीबरोबर आलेला तुमचा कारखान्यातला जाड गॉगल चढला. ह्यांनी फोटो काढला, मी डिलीट करायला लावला. प्लॅस्टिकची बाटली मी रोज सकाळी दाबायचे. पहिल्या दिवशी मऊ, तिसऱ्या दिवशी हाताला तटतटायला लागली, सहाव्या दिवशी दुकानातल्या न उघडलेल्या सोड्यासारखी टणक. लगेच सगळ्या फ्रीजमध्ये, भाज्या बाहेर. आठवडाभराने ती प्लॅस्टिकची चाखून बघितली. वास किंचित लागतो. तुमचंही बरोबर होतं.

काल दोन बाटल्या बर्फाच्या पिशवीत घालून, पिशवी डब्यात, डबा टॉवेलात, अशी अंबरनाथ पश्चिमेला तुमच्या घरी गेले. एकटीच. भाऊजी पेपर पुढ्यात घेऊन बसले होते, वाचत नव्हते. तुमच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवले होते, कोणी बसू नये म्हणून असावेत. मी बसायच्या आधी बोलले. बसले असते तर पुन्हा मेथीच निघाली असती तोंडातून.

‘भाऊजी, त्या वर्षी साखर मी जास्त घातली होती. सव्वा किलो. ताईंनी विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. त्यांचा काही दोष नव्हता.’ मग अठरा दिवस, वीस दिवस, दोन्ही आकडे, सगळं एका दमात सांगितलं. आकडे लिहिलेला कागद पुढे केला. मला वाटलं ते म्हणतील, निघ. मी त्याची तयारी करून गेले होते. चप्पल मी दारात अशी काढली होती की लगेच घालता यावी.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं.

‘म्हणजे ती चुकली नव्हती,’ ते म्हणाले.

‘नाही.’

‘तिचं डोकं शाबूत होतं.’

‘हो, भाऊजी. मी...’

‘थांब.’ त्यांनी हात वर केला. ‘ती शेवटच्या वर्षी मला म्हणायची, माझ्या हातात घराच्या किल्ल्या देऊ नका. मी द्यायचो नाही गं. खरंच द्यायचो नाही. मला वाटलं तिला बरं वाटतंय.’

आणि ते रडले. तुम्ही गेलात तेव्हा नव्हते रडले, माणसं येत होती, चहा विचारत होते. काल रडले. मला काही बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. बोलले नाहीत. डोळे पुसले, उठले, फोन घेतला, आणि तुमच्या कारखान्यातल्या जुन्या साहेबांना लावला. ‘नमस्कार. हो, बरा आहे. एक सांगायचं होतं. हिच्या त्या बाटलीचं तुम्हाला आठवतंय ना? हिचा हिशेब बरोबर होता. साखर जास्त पडली होती, हिला सांगितलं नव्हतं. नाही, नाही, हिची चूक नव्हती.’ मग सोसायटीच्या सेक्रेटरींना. मग पुण्याला तुमच्या बहिणीला. प्रत्येकाला तेच, आवाज दरवेळी थोडा मोठा. कोणाच्या हातून जास्त पडली, हे ते एकदाही बोलले नाहीत. पलीकडून विचारत असावेत, कारण ते दरवेळी ‘ते जाऊ दे’ म्हणायचे. मी तिथेच उभी होते.

चौथा फोन तुमच्या लॅबमधल्या त्या मुलीला होता, जी तुम्हाला अजून मॅडम म्हणायची. तिनेही विचारलं असणार, कारण भाऊजी ‘ते जाऊ दे’ म्हणायला तोंड उघडून थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी हात पुढे केला. त्यांनी फोन दिला.

‘मी त्यांची धाकटी जाऊ, शोभा,’ मी म्हणाले. ‘साखर मी घातली होती.’